मोका तपासणीच्या आधी आणि नंतर

सरकारच्या पैशातून शेतात नवं तंत्र आलं की त्याच्या आयुष्यात एक दिवस ठरलेला असतो. आमच्या धंद्यात त्याला ‘मोका’ म्हणतात. मोका तपासणी. त्या दिवशी कृषी सहायक मोबाइल घेऊन बांधावर येतात. शेतकरी धुतलेला सदरा घालून फिल्टरजवळ उभा राहतो, मोटर चालू होते, नळीच्या तोंडातून थेंब पडतोय हे पाहिलं जातं, अक्षांश-रेखांशासह फोटो निघतो आणि फाइल पुढे सरकते. वीस वर्षांहून जास्त काळ मी अंकुशनगर आणि आसपासच्या गावांत ठिबक बसवतोय, विकतोय आणि दुरुस्त करतोय. आधी दुसऱ्याच्या हाताखाली फिटर होतो, मग स्वतःचं दुकान टाकलं. असे मोके भरपूर पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. योजनेला हा एकच दिवस दिसतो. त्याच्या आधीचे महिने आणि नंतरची वर्षं शेतकऱ्याने एकट्याने काढायची असतात, आणि तंत्र रुजतं की वाया जातं हे तिथेच ठरतं.

अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ साखर कारखान्याभोवती वसलेली वस्ती. वडीगोद्री-शहागडचा पट्टा, दक्षिणेला गोदावरी, पलीकडे बीड जिल्हा. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. त्या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, पैठणहून निघून जालना-परभणीकडे जातो. कालवा, नदी आणि कारखाना या तिन्हींमुळे इथे ऊस आला. पण पाणी येईल तेव्हाच येतं. कालव्याचं आवर्तन चुकलं की सगळी भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. ठिबकचं महत्त्व इथल्या माणसाला कधी पटवावं लागलं नाही. अडचण पैशाची होती. तीही पैसा किती यापेक्षा तो कधी येतो याची.

ठिबकला अनुदान देण्यात महाराष्ट्र सर्वांच्या पुढे होता. १९८६-८७ पासून राज्याने ते सुरू केलं. केंद्राची योजना २००५-०६ मध्ये आली, मग तिचं नाव दोनदा बदललं, आणि २०१५ मध्ये ती प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत ‘प्रति थेंब अधिक पीक’ झाली. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के. पुढे राज्याने स्वतःची भर घातली आणि आकडा ८० व ७५ टक्क्यांपर्यंत गेला. जालना जिल्हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही होता. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ च्या सुमाराला सुरू झालेला हा प्रकल्प. त्याच्या गावांतून समूह सहायक फिरू लागले आणि त्या काळात दुकानात गर्दी वाढली. हे सगळे पैसे खरे आहेत. ते आले नसते तर आमच्या भागातल्या निम्म्याहून जास्त शेतात नळी पसरली नसती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता आधीचे महिने. बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकार ऐंशी टक्के देतं म्हणजे शेतकऱ्याने वीस टक्के भरायचे आणि माल उचलायचा. तसं नाही. अर्ज करायचा, सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं दाखवायचं, खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आणायचं, पूर्वसंमतीची वाट पाहायची. पूर्वसंमती आली की ठरावीक मुदतीत पूर्ण रकमेचा संच बसवायचा, बिल चढवायचं. मग मोका. मग अनुदान खात्यावर. हेक्टरी लाखाच्या घरातला खर्च आधी सगळा स्वतः करायचा आणि मग थांबायचं. कधी चार महिन्यांत पैसे येतात, कधी वर्ष जातं, कधी त्याहून जास्त.

पलीकडच्या गावातल्या एक काकू माझ्या चांगल्या लक्षात आहेत. नवरा गेल्यावर सव्वा एकर जमीन त्यांच्या वाट्याला आली, पण सातबारा दिरांबरोबर सामाईक. संमतीपत्रासाठी तीन घरांच्या पायऱ्या झिजवल्या. पूर्वसंमतीचा मेसेज आला तेव्हा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “भाऊ, सरकार ऐंशी टक्के देतंय म्हणतेत, मंग मला वीसच भरायचेत ना?” मी पूर्ण रकमेचा हिशोब सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. मुदत निघून गेली. त्यांच्याच बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याचा मुलगा नोकरीला होता. त्याने पैसे भरले, संच बसला, मोका झाला, अनुदान आलं. कागदावर दोघांची पात्रता सारखी होती. काकूंची तर जास्त होती, त्या अत्यल्प भूधारक. फरक एवढाच की एकाला थांबणं परवडत होतं, दुसऱ्याला नव्हतं.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आधी खर्च आणि मागून अनुदान ही पद्धत का आली तेही मला माहीत आहे. त्याआधी या धंद्यात फार घाण होती. एकाच शेतातल्या नळ्या उचलून दुसऱ्या शेतात पसरायच्या, फोटो काढायचे, परत गुंडाळून ठेवायच्या, असं करणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. थेट खात्यावर पैसे आणि फोटोसह जागेची नोंद यांनी ते पुष्कळ थांबवलं, आणि ते थांबायलाच हवं होतं. पण चोराला अडवणाऱ्या त्याच दारात गरीबही अडला. चोरी बंद करणं हे अर्धं काम होतं. मधल्या काळासाठी गरिबाच्या हातात पैसा देणं हे दुसरं अर्धं, आणि ते तसंच राहिलं.

राहिलेलं काम लोकांनी आपापल्या परीने केलं. काही वितरक उधारीवर माल देतात. मीही देतो, ज्याची ओळख आहे त्यालाच, कारण माझीही गुंतवणूक अडकून पडते आणि कंपनी मला उधार देत नाही. राज्यात अनेक ठिकाणी साखर कारखान्यांनी बेणं, खत, ठिबक सभासदाला आधी दिलं आणि उसाच्या बिलातून कपात करून घेतली. उसाला ही मोठी सोय आहे. पीक कुठे जाणार हे ठरलेलं असतं, म्हणून पैसा परत येणार हेही ठरलेलं. कापसाला, मोसंबीला असं कोणी पाठीशी उभं राहत नाही.

जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. बातमी सक्तीची झाली, पण मला त्यातलं कर्ज महत्त्वाचं वाटलं. सव्वासात टक्के व्याजातले चार टक्के सरकार भरणार, सव्वा टक्का कारखाना, आणि शेतकऱ्याला पडणार फक्त दोन टक्के. मी आजवर पाहिलेल्या योजनांमध्ये मोक्याच्या आधीच्या महिन्यांचा विचार करणारी ही एकच. आमच्या भागात ती फारशी उतरली नाही. माझ्या दुकानात त्या कर्जावर माल न्यायला आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण कोणी मला विचारलं की नव्या तंत्रासाठी सरकारने पैसा कसा द्यावा, तर मी त्या निर्णयाचा कागद पुढे ठेवीन.

काकूंकडे शेवटी ठिबक आलं ते बचत गटामुळे. गटातल्या बायकांनी दरमहा एक टक्का व्याजाने रक्कम दिली, अर्ज पुन्हा भरला, संच बसला. अनुदान यायला जवळजवळ वर्ष लागलं. तेवढ्या काळाचं व्याज त्यांच्याच खिशातून गेलं, म्हणजे ऐंशी टक्के हा आकडा त्यांच्यासाठी कधीच ऐंशी नव्हता. तरी संच आला याचा त्यांना आनंद होता आणि मलाही.

आता नंतरची वर्षं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझं खरं काम तिथेच आहे.

पाच फुटी सरीत एक एकर उसाला सुमारे २,७०० मीटर नळी लागते. दर चाळीस सेंटिमीटरवर एक तोंड, म्हणजे साधारण ६,७०० तोंडं. एका तोंडातून तासाला चार लिटर पाणी धरलं तर एकराला तासाला २७,००० लिटर पाणी हवं. बोअर एवढं देत नसेल तर शेताचे भाग पाडून, व्हॉल्व्ह बदलून पाणी द्यावं लागतं. हा हिशोब आराखड्यात असतो. पण तो उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या हातात लागतो, जेव्हा बोअरचं पाणी निम्म्यावर येतं आणि सरीच्या टोकाचा ऊस पिवळा पडू लागतो. तेव्हा त्याला वाटतं संच खराब निघाला. तो नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो आणि मोकाट पाणी सोडतो. संच चांगला असतो. फक्त दोन व्हॉल्व्हऐवजी तीन करायला हवे होते, आणि ते सांगायला त्या दिवशी बांधावर कोणी नसतं.

दुसरा शत्रू क्षार. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. नळीच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. बाहेरून नळी नवी दिसते, कापून पाहिली की आतला चक्रव्यूह बुजलेला असतो. त्याला आम्लप्रक्रिया करावी लागते. व्हेंचुरीतून आम्ल सोडायचं, टोकाच्या तोंडातून येणाऱ्या पाण्यात लिटमसचा कागद बुडवून बघायचं, आम्ल टोकापर्यंत पोचलं की मोटर बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी सगळे एंड कॅप उघडून नळ्या धुऊन काढायच्या. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही, हे मी प्रत्येक घरात दोनदा सांगतो. हे काम शिकवायला अर्धा दिवस पुरतो. पण ते पीक उभं असताना, त्याच्याच शेतात, त्याच्या हाताने करून घ्यावं लागतं. घडीपत्रिका वाचून आजवर कोणी आम्लप्रक्रिया केलेली मी पाहिली नाही.

तिसरं संकट ऊसतोडीचं. टोळी येते, कोयता बुडख्याशी चालतो, नळी तिथेच असते. तोडीच्या आधी नळ्या गोळा केल्या नाहीत तर एका दिवसात शेकडो तुकडे. आणि तोडीनंतर कोणी शेजारी पाचट पेटवतो, वारा फिरतो. एका शेतकऱ्याच्या दोन एकरांतल्या नळ्या अशा वितळून गेल्या की जमिनीवर फक्त काळे पट्टे उरले. सात वर्षं झाल्याशिवाय त्याच जमिनीला पुन्हा अनुदान मिळत नाही. तो माणूस माझ्या दुकानात येऊन म्हणाला, “संच दिला सरकारनं, पण राखायचा कसा ते कोणीच नाही सांगितलं.”

त्या आगीनंतर माझ्या कामाची दिशा बदलली. तोवर मी माल विकायचो आणि कोणी बोलावलं तर दुरुस्तीला जायचो. मग चार-पाच गावांतल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून सांगितलं, एकराला वर्षाचे ठरावीक पैसे द्या. त्यात हंगामाला दोनदा फिल्टर आणि नळ्या धुणं, वर्षातून एकदा आम्लप्रक्रिया, तोडीआधी नळ्या गोळा करणं आणि खोडव्यात परत पसरणं. आयटीआय झालेली दोन पोरं कामाला घेतली. पहिल्या वर्षी फार थोडे लोक आले. जे आले त्यांचा खोडवा बघून पुढच्या वर्षी शेजारी आले. मुकादमाशीही बोलणी केली. टोळीला नळी गोळा करायचे वेगळे पैसे दिले तर कोयता सावध चालतो, हे कळायला फार हुशारी लागत नाही. ऊसतोड मजुराकडून आपण फुकटात काळजीची अपेक्षा करत होतो, तेच चुकीचं होतं.

या देखभालीला कुठल्याही योजनेत रकाना नाही. मी विचारून पाहिलं आहे. यंत्राला पैसा आहे, प्रशिक्षणाला थोडा आहे, पण तिसऱ्या वर्षी शेतात जाऊन तोंड साफ करणाऱ्या पोराच्या पगाराला नाही. ती दोन पोरं आज महिन्याला जे कमावतात ते गावात राहून कमावतात. आर्थिक विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो, मला सांगता येणार नाही.

दुष्काळाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१२-१३ मध्ये जायकवाडीत पाणी नव्हतं आणि जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. वीस-वीस वर्षांची झाडं लोकांनी तोडून सरपणाला विकली. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे ठिबक होतं त्यांनी टँकरच्या पाण्यावर का होईना काही झाडं वाचवली, आणि त्यानंतर माझ्याकडे मागणीचा पूर आला. पण पुढच्या चांगल्या पावसात मी जे पाहिलं त्याने मला अस्वस्थ केलं. ठिबकने उसाचं पाणी जवळपास निम्मं वाचतं, असं आम्ही सांगत होतो, आणि वाचतही होतं. वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी ऊस लावला. नदीत, विहिरीत ते पाणी राहिलं नाही. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. उसाला भाव ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं, तो दुसरं का लावेल? इथेनॉलला २००३ पासून सुरू झालेलं आणि २०१८ च्या व्याज सवलतीने वाढलेलं सरकारी बळही उसाच्याच पाठीशी आहे. एक खातं पाणी वाचवायला पैसे देतं आणि दुसऱ्या खात्याच्या पैशाने तेच पाणी पुन्हा लागतं. दोन्ही हेतू चांगले आहेत. पण बांधावर ते एकमेकांना भेटतात तेव्हा बोअर खोल जातो.

म्हणूनच मला रेशीम कोषाच्या बाजारपेठेचं कौतुक वाटतं. जालन्यात २०१८ मध्ये राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी आमच्या भागातले तुती लावणारे शेतकरी कोष पोत्यात भरून थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. जाण्यायेण्याचा खर्च, रात्रीचा मुक्काम, तिथली अनोळखी भाषा. जवळ बाजार आला आणि तुतीचा हिशोबच बदलला. माझ्या गिऱ्हाइकांपैकी काही जणांनी उसाचा एक एकर मोडून तुती लावली. त्यांना ऊस कमी करा असं कोणी सांगितलं नव्हतं. उसासारखं ठरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या पिकालाही मिळालं, एवढंच झालं. एकेकाच्या शेतात रेशीमकिड्यांची शेड उभारायला दिलेले पैसे आणि सगळ्यांसाठी उभा केलेला बाजार, यातला फरक मला तिथे कळला. बाजाराचा मोका रोज होतो.

सरकारी सुरुवातीतून सगळ्यांचा धंदा उभा राहणं जालन्याला नवं नाही. इथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. तिची सुरुवात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. सरकारी संशोधनाचं बी एका माणसाने हातात घेतलं, वाढवलं, विकलं, शेतकऱ्यांना त्याच्या उत्पादनात घेतलं, आणि जालना बियाण्यांचं शहर झालं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्याकडच्या कित्येक घरांत बीजोत्पादनाचे पैसे आले आणि मुलं शिकली. दिल्लीच्या प्रयोगशाळेत निघालेल्या बियाण्याची पुढची वर्षं सांभाळणारा माणूस तेव्हा इथे होता.

आता उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. बारामतीच्या प्रयोगाच्या बातम्या गावागावांत पोचल्यात आणि राज्याने २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. मातीत ओल मोजणारे सेन्सर, बांधावर छोटं हवामान केंद्र, उपग्रहाचं चित्र, आणि मोबाइलवर संदेश की आज अमुक व्हॉल्व्ह इतका वेळ चालवा. मला हे मनापासून हवं आहे. मी व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा हे वर्षानुवर्षं हाताने माती दाबून सांगत आलोय. ते यंत्राने सांगितलं तर पाणी खरंच वाचेल.

अशाच एका माहितीच्या बैठकीला मी गेलो होतो. बोलणारे अधिकारी नीट तयारी करून आले होते, सगळं सोपं करून सांगत होते. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “साहेब, त्या यंत्रातलं सीमकार्ड दुसऱ्या वर्षी कोण भरणार?” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की याचा विचार व्हायला हवा. मी बैठकीनंतर त्यांना गाठलं आणि दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, शेतकऱ्याचा हिस्सा आधी न घेता उसाच्या बिलातून घ्यावा, २०१७ च्या कर्जासारखा. दुसरी, प्रत्येक पाच-सहा गावांमागे एक शिकलेला मुलगा तीन वर्षं पगारावर असावा आणि त्याचा पगार यंत्राच्या किमतीतच धरावा. त्यांनी कागद घेतला, खिशात ठेवला, माझा नंबर मागितला.

आमच्या देखभालीतल्या सहा शेतकऱ्यांनी मिळून यंदा आडसाली उसात एक सेन्सर घ्यायचं ठरवलं आहे. सहाही शेतांची माती सारखी आहे, लागण एकाच पंधरवड्यातली, म्हणून एकाच्या शेतातला आकडा बाकीच्यांना चालेल असा आमचा अंदाज आहे. सीमकार्डाचे पैसे वर्षाच्या देखभालीतच धरले आहेत. दोन पोरांपैकी धाकटा त्याचं प्रशिक्षण घेऊन आला आहे आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहून ठेवतो, मोबाइल बंद पडला तरी हिशोब राहावा म्हणून.